उजनीची चिलापी 'बदलली' म्हणजे नक्की काय झालं? उत्क्रांती, इंटेलिजंट डिझाइन आणि हौदातले गप्पी

भीमथडी (धागाकर्ता)

उजनी धरणातल्या चिलापीबद्दल (म्हणजे तिलापिया माशाबद्दल) दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "पूर्वीसारखी मोठी चिलापी आता मिळत नाही, माशानं स्वतःला बदलून घेतलं" हे एक. "पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पिऊन पिऊन चिलापी त्याला सरावली" हे दुसरं. दोन्ही वाक्यं शेवटी 'अनुकूलन' या एका शब्दापाशी येऊन थांबतात, आणि तिथून वाद सुरू होतो. एक जण म्हणतो ही डोळ्यांदेखत चाललेली उत्क्रांती. दुसरा म्हणतो छे, ही सोय माशात आधीच घालून ठेवलेली होती, म्हणजे घालणारा कुणीतरी असणार.

भांडण सुरू करण्याआधी 'बदलली' या शब्दाची फोड करू. चार अगदी वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द वापरतो.

पाण्यातल्या जातीच बदलल्या, म्हणजे वाडा तोच पण भाडेकरू नवे. किंवा जात तीच, जनुकंही तीच, पण खाणं कमी आणि गर्दी जास्त म्हणून अंगानं खुरटली. किंवा आधीपासून असलेल्या लहान-मोठ्या वाणांपैकी एका वाणाची पिल्लं जास्त जगली आणि पिढ्यांगणिक त्याचं प्रमाण वाढलं. किंवा पूर्वी कुठल्याच माशात नव्हता असा बदल जनुकात झाला आणि तो पसरला.

उत्क्रांती म्हणायला तिसरी-चौथी गोष्टच लागते. पहिल्या दोन दाखवून कुणाचाच मुद्दा सिद्ध होत नाही, ना डार्विनवाल्यांचा ना डिझाइनवाल्यांचा (सजीव कुणीतरी बेतून बनवले असं मानणाऱ्यांचा). उजनीच्या बाबतीत यातलं नक्की काय झालंय हे कसं ओळखायचं, यावर जाणकारांनी लिहावं. मत्स्यावतार कृपया मधे आणू नये, त्यासाठी वेगळा विभाग आहे.

---

जाळंवाला

पहिली गोष्ट, 'चिलापी' ही एक जात नाही. बाजारात या नावाखाली मोझांबिक येते, नाईल येते आणि दोघींचे संकरही येतात. शेपटीच्या पंखावर उभे पट्टे स्पष्ट दिसले तर नाईल, ते नसतील तर मोझांबिक. अर्धवट, तुटक पट्टे असले तर संकराचा संशय धरायचा. मोझांबिक भारतात १९५२ ला आणली आणि १९५९ ला तिच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली, इतकी ती भराभर वाढते. त्यामुळे "मासा लहान झाला" म्हणताना आधी बघा, कदाचित टोपलीतल्या दोन जातींचं प्रमाणच बदललं असेल. ही तुमची भाडेकरूवाली गोष्ट झाली.

सांडपाण्याचंही तेच. चिलापी कमी प्राणवायूत, खाऱ्या पाण्यात, गढूळ पाण्यात तग धरते. हा गुण ती आफ्रिकेतून घेऊनच आली. उजनीचं पाणी बिघडल्यावर नाजूक मासे हटले आणि ही राहिली, याला सरावणं म्हणत नाहीत.

खुरटण्याबद्दल. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातले ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणून 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी आली तरी मासे मरत नाहीत, दाटीवाटीनं राहतात. दाटीत मोझांबिक अडीच-तीन महिन्यांची, आठ-नऊ सेंटीमीटरची असतानाच अंड्यावर येते. तोच मासा मोकळ्या पाण्यात आणि भरपूर खाण्यात त्याच्या जवळपास दुपटीला पोचल्यावर वीण धरतो. खुरटलेली पिल्लं नेऊन नव्या तळ्यात सोडली की परत मोठी होतात, तेव्हा हा जनुकांचा खेळ नाही.

पण एक खोच आहे, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. रोहू, कटला, मृगळ थांबलेल्या पाण्यात वीण धरत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडावी लागते आणि ती येते हॅचरीतून. धरणात जाळ्यानं जी काही निवड होते, ती पुढच्या वर्षीच्या बीजात उतरतच नाही, पाटी कोरी होते. चिलापी मात्र मादीच्या तोंडात अंडी उबवून धरणातच वाढते. जाळ्याचा परिणाम पिढ्यांगणिक साठत असलाच तर तो चिलापीतच साठेल, रोहूत नाही. उजनीत शोधायचंच असेल तर इथे शोधा.

कसं शोधायचं ते सांगतो. एकाच महिन्यात, एकाच काठाच्या, एकाच आसाच्या (जाळ्याच्या भोकाच्या मापाच्या) नव्हे तर तीन-चार वेगळ्या आसांच्या जाळ्यांतल्या माद्या घ्या. गिलनेटचा (मासा गळ्याशी अडकवणाऱ्या जाळ्याचा) एक आस ठरावीक घेराचाच मासा धरतो, बारीक निसटतो आणि जाडा अडकतच नाही. एकाच आसाचे मासे मोजले तर तुम्ही तळ्याची नाही, जाळ्याची लांबी मोजता. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, एकेक सेंटीमीटरचे गट, प्रत्येक गटात तीसेक माद्या. पोट फाडून अंडाशय पाहायचं. पिवळट दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसले तर पक्व धरायची. ज्या लांबीला निम्म्या माद्या पक्व निघतात तो आकडा लिहून ठेवायचा आणि दरवर्षी हेच करायचं. पण नुसती लांबी पुरत नाही, वयही लागतं. त्यासाठी कानातली खडी काढून घासून वलयं मोजतात. खवल्यावरच्या वलयांवर भरवसा ठेवू नका, आपल्याकडे थंडी इतकी पडत नाही की वर्षाचं वलय स्वच्छ उमटावं, आणि चिलापी वीण धरताना उपाशी राहते त्याचंही वलय उमटतं.

वडापनं (अगदी बारीक आसाच्या जाळ्यानं) बोटभर पिल्लू ओढणाऱ्यांबद्दल लिहायला लागलो तर धागा भलतीकडे जाईल.

---

यंत्रमाग

धागा चांगला आहे. दुसऱ्या बाजूचं कुणीच नाही म्हणून मी लिहितो. डिझाइनवाले म्हणजे सहा हजार वर्षांची पृथ्वी मानणारे, असा सरसकट समज आहे, तो आधी काढून टाका. डिझाइनवाल्यांतला प्रमुख, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेहे पृथ्वीचं वय अब्जावधी वर्षं मानतो, सामाईक पूर्वजही मानतो. त्याचा १९९६ पासूनचा मुद्दा एवढाच, की काही यंत्रणा अशा असतात की त्यांचा एक भाग काढला तर सगळीच बंद पडते. अशी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं बनणार कशी, कारण अर्धवट असताना तिचा उपयोग शून्य.

सोलापूरच्या भाषेत सांगतो. धोटा काढा, चादर नाही. फणी काढा, चादर नाही. आणि चादरीवर मोर उमटतो तो ताण्या-बाण्यात आधीपासून नसतो, नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडणारा कुणीतरी असतो. पत्ता फाटला तर मोराचा तुरा जाईल, मोराचा हत्ती होणार नाही.

माशांत तुम्ही दाखवता ते सगळं याच जातीचं. लहान मासा, मोठा मासा, काळा, रंगीत. एक तर पत्त्यांचा आधीचा गठ्ठा मागेपुढे करणं, नाहीतर पत्ता फाटणं. हे आम्हाला मान्यच आहे. प्रश्न नवीन पत्ता कुठून आला हा आहे.

---

सूक्ष्मदर्शी

यंत्रमाग, मुद्दा नेमका मांडलात, त्यामुळे उत्तरही तुकड्यातुकड्यानं देते.

आधी 'मागेपुढे करणं' घेऊ, ते क्षुल्लक नाही. उदाहरण आपल्या घरचंच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून सोलापुरात घरोघरी हौद, रांजण, बॅरल, आणि डेंग्यूच्या भीतीनं त्यात सोडलेले गप्पी. या गप्प्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि शेजारचं त्रिनिदाद बेट. त्रिनिदादच्या नद्यांत धबधब्याखाली क्रेनिसिक्ला नावाचा शिकारी असतो, तो चिलापीच्याच कुळातला. तो मोठे, वयात आलेले गप्पी खातो. धबधब्याच्या वर तो पोचत नाही. तिथे असतो रिव्ह्युलस, तो मुख्यतः बारीक पिल्लं खातो.

तर्क असा होता: जिथे मोठेपणी मरणाची शक्यता जास्त, तिथे लवकर वयात येणारा आणि पटापट पुष्कळ पिल्लं देणारा वाण टिकेल. जिथे मोठेपणी धोका कमी, तिथे सावकाश वाढणारा आणि थोडी पण थोराड पिल्लं देणारा. १९७६ मध्ये जॉन एन्डलरनं ॲरिपो नदीतले सुमारे २०० गप्पी धबधब्याखालून उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या भागात सोडले. अकरा वर्षांनी तिथले वंशज आणि खालचे मूळ गप्पी प्रयोगशाळेत आणून, दोन पिढ्या एकसारख्या पाण्यात आणि मोजून दिलेल्या खाण्यावर वाढवून मोजले. डेव्हिड रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी ते १९९० मध्ये छापलं. खालचे नर सुमारे ४८ दिवसांत वयात आले, वर नेलेल्यांचे वंशज सुमारे ५८ दिवसांत. पहिल्या वेताची पिल्लं सरासरी ४.५ विरुद्ध ३.३. एका पिल्लाचं सुकं वजन ०.८७ विरुद्ध ०.९५ मिलिग्रॅम. सगळे फरक आधी सांगितलेल्या दिशेनंच निघाले.

दोन पिढ्या का, तर आईच्या पोटातलं खाणंपिणं पिल्लात उतरतं. ती छाया धुऊन निघाल्यावरही फरक राहिला तर तो जनुकांचा. जाळंवाल्यांनी सांगितलेली खुरटलेली चिलापी नेमकी याच चाळणीत गळून पडते.

रंगाचंही असंच. एन्डलरनं हरितगृहातल्या कुंडांत बारीक आणि जाड अशी दोन प्रकारची खडी अंथरली. शिकारी सोडला तिथे नरांचे ठिपके पिढ्यांगणिक खडीच्या आकाराशी जुळत गेले. शिकारी नव्हता तिथे उलटे, खडीतून उठून दिसायला लागले, कारण माद्यांना भडक नर आवडतात. १९८० चा निबंध आहे.

आता मागाबद्दल. मागाला पिल्लं होत नाहीत, उपमा मोडते ती तिथे. जॅकार्डच्या पत्त्यांच्या नकला मागच काढत असता, नकलेत चुका होत असत्या आणि गिऱ्हाईक आवडलेल्या चादरीचाच माग पुढे चालू ठेवत असतं, तर हत्ती कधी ना कधी उमटला असता.

---

शेंगाचटणी

म्हणजे माझ्या हौदातले गप्पी धबधब्याच्या वरचे आणि नाल्यातले खालचे? मरळ (शिकारी मासा) असलेल्या तळ्यातले गप्पी आणि हौदातले गप्पी असा प्रयोग इथेच करता येईल की. ताई, खर्चाचं बोला.

---

सूक्ष्मदर्शी

येईल. खर्च मुख्यतः बरण्यांचा आणि चिकाटीचा.

प्रत्येक ठिकाणच्या वीस-पंचवीस गाभण माद्या आणायच्या. गाभण मादीच्या शेपटीकडच्या पोटावर काळा डाग ठळक दिसतो. प्रत्येक मादी वेगळ्या दोन-तीन लिटरच्या बरणीत, वर जाळी, आत हायड्रिला या पाणवनस्पतीची मूठभर जुडी. जुडी नसेल तर आईच पिल्लं खाते आणि तुमची 'सरासरी वेत' खोटी पडते. गाभणकाळ २५ ते ३० दिवस.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली की नर-मादी वेगळे करायला घ्या. नराचा पोटाखालचा शेवटचा पंख निमुळता व्हायला लागतो. इथे चुकलात तर सगळं मुसळ केरात, कारण मादी एकदा फळली की महिनोन् महिने वीर्य साठवते आणि नंतर कुणाची पिल्लं कुणाच्या नावावर हे कळायचं नाही. संशय आला तर ती मादी प्रयोगातून काढाच.

पहिल्या पिढीत एका कुटुंबाची मादी त्याच ठिकाणच्या पण दुसऱ्या कुटुंबाच्या नराला द्या. भावा-बहिणीची जोडी नको, खुरटलेली पिल्लं निघतात आणि आपण त्याला 'अनुकूलन' म्हणून बसतो. मोजमाप दुसऱ्या पिढीचं. ती एकेक वेगळी वाढवा. खाणं मोजून: सकाळी आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवाची) पिल्लं ड्रॉपरनं, संध्याकाळी चूर्ण केलेलं खाद्य, सगळ्यांना तेवढंच. "पोट भरेल एवढं" हे माप नाही. नराच्या त्या निमुळत्या पंखाच्या टोकावर एक टोपीसारखा पडदा चढतो. तो टोकापर्यंत आला की नर वयात आला. तिसाव्या दिवसानंतर दर दोन दिवसांनी भिंगाखाली बघायचं. मादीच्या बाबतीत पहिलं वेत किती दिवसांनी, पिल्लं किती, वजन किती.

---

शेंगाचटणी

टाक्यांचा अनुभव असणाऱ्यांसाठी पाण्याचं मी लिहितो, ताईंनी ते सोडून दिलंय.

नळाचं पाणी थेट ओतू नका. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, नाहीतर हायपो टाका, माशांच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून खडे मिळतात. एक भाग क्लोरीनला साधारण सात भाग हायपो लागतो. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर शंभर लिटरला ०.७ ग्रॅम, म्हणून एक ग्रॅम टाकला की निर्धास्त. बोअरचं जड पाणी गप्प्याला उलट मानवतं, पण दोन्ही ठिकाणच्या माशांना तेच पाणी द्या. अर्ध्यांना नळ आणि अर्ध्यांना बोअर असं नको.

सोलापूरचा मे महिना लक्षात घ्या. गच्चीवरच्या दोन लिटर बरणीत दुपारी पाणी चाळिशीला जातं आणि गप्पी संपतात. जमिनीवरच्या खोलीत, भिंतीलगत, वर ओलं गोणपाट. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला तापमान लिहा. खिडकीजवळच्या बरणीतला मासा दोन अंश जास्त उबेत लवकर वयात येतो, त्यामुळे एका ठिकाणचे सगळे खिडकीशी आणि दुसरे आत असं ठेवलं तर खिडकीचीच उत्क्रांती मोजून होईल. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. पाणी दर आठवड्याला एक तृतीयांश बदला.

आणि प्रयोग संपल्यावर मासे ओढ्या-तळ्यात सोडू नका. उपद्रव आधीच भरपूर आहेत.

---

सरासरी

कृती उत्तम, पण आराखड्यात एक मोठं भोक आहे. एक तळं आणि एक हौद यांची तुलना म्हणजे नमुना एकाचा. तळ्यात मरळ आहे, हौदात नाही, बरोबर. पण तळ्यात शेवाळ आहे, ऊन आहे, साबणाचं पाणी आहे, आणि तिथले मूळ गप्पी कदाचित दुसऱ्याच कुणी आणून टाकलेले. फरक निघाला तर तो मरळीमुळेच कशावरून? शिकारी असलेली किमान तीन ठिकाणं आणि नसलेली तीन हवीत. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा ही नावं लगेच सुचतात, पण प्रत्येक ठिकाणी गप्पी आणि शिकारी दोन्ही खरंच आहेत का हे जाळं टाकून बघितल्याशिवाय यादीत घेऊ नका.

दुसरं, आकडा मोजायचा तो कुटुंबाचा, माशाचा नाही. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ पुरावे नव्हेत, एकच.

तिसरं आपल्याकडचं खास. डासांसाठी गप्पी वाटले जातात ते बहुधा एखाद्याच पैदास-हौदातून, आणि पुन्हा पुन्हा. म्हणजे सुरुवातीलाच वाणांची विविधता कमी, वर दरवेळी नवी भर. निवडीला काम करायला कच्चा मालच नाही आणि केलेलं कामही पुसलं जातं. त्यामुळे फरक शून्य निघाला तर "उत्क्रांती खोटी" असा धागा कृपया काढू नये.

---

यंत्रमाग

सरासरी, इथे मला खिंडीत गाठता येईल तुम्हाला. फरक निघाला तर उत्क्रांती, नाही निघाला तर कच्चा माल नव्हता. मग चूक ठरणार कधी?

आणि ताईंचे गप्पी मला मान्यच आहेत, सगळे वाण आधीपासून होते. तुमच्या बाजूचं लाडकं उदाहरण, स्टिकलबॅक मासा, तोही तसाच. समुद्रातला चिलखती मासा गोड्या तळ्यात आला की अंगावरच्या पाट्या जातात. २००५ ला जनुक सापडलं, आणि कमी पाट्यांचा वाण समुद्रातल्या माशांत थोड्या प्रमाणात आधीच होता. हडसन नदीतला टॉमकॉड मासा पीसीबी या कारखान्यांतल्या रसायनाच्या विषाला दाद देत नाही म्हणून केवढं कौतुक, पण त्याच्या जनुकातली सहा अक्षरं गळालीत, विष पकडणारं ग्राहक-प्रथिन ते नीट पकडत नाही म्हणून विष चढत नाही. मेक्सिकोच्या गुहेतला आंधळा मासा तर नुसती मोडतोड. हे सगळं पत्ता फाटणंच आहे. बेहेनं २०१९ च्या पुस्तकात हेच मांडलंय.

---

सूक्ष्मदर्शी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: फरक उलट दिशेनं निघाला तर चूक. मरळ असलेल्या तिन्ही ठिकाणचे गप्पी दोन पिढ्यांनंतरही उशिरा वयात आले, थोडी आणि थोराड पिल्लं देऊ लागले, तर हा सिद्धांत इथे आपटला. डिझाइनच्या बाजूनं असा एखादा निकाल आधी लिहून द्या, जो आला तर तुम्ही माघार घ्याल. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या, शाळेत डिझाइन शिकवण्यावरच्या खटल्यात बेहे स्वतः साक्षीला होता. न्यायाधीश जोन्स यांनी निकालात डिझाइन हे विज्ञान नाही म्हटलं, त्यामागे अशी कसोटी नसणं हेही एक कारण होतं.

टॉमकॉडबद्दल तुम्ही बरोबर आहात. झटपट अनुकूलनातली पुष्कळ उदाहरणं काहीतरी गमावण्याची असतात. शंभर वर्षांत विषापासून वाचायचं तर दार मोडणं हे नवं दार बसवण्यापेक्षा सोपं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण गुहेतल्या माशात 'नुसती मोडतोड' म्हणून पुढे गेलात, तिथे थांबा. त्याच्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते, भिंगही तयार होतं, मग भिंगाच्या पेशी मरतात आणि डोळा खोल जाऊन झिजतो. उजेडातल्या माशाचं भिंग गर्भात बसवलं तर डोळा वाढतो. दोन लांबच्या गुहांमधल्या आंधळ्यांचा संकर केला तर काही पिल्लांना दिसतं, कारण दोन्हीकडे वेगवेगळी जनुकं बिघडलेली. अंधारासाठीच मासा बेतायचा होता तर प्रत्येक गुहेत डोळा निराळ्या ठिकाणी का मोडला?

आता नवा पत्ता. अंटार्क्टिकाचं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाला गोठतं, साध्या माशाचं रक्त त्याआधीच गोठेल. तिथल्या नोटोथेनिऑइड माशांच्या रक्तात गोठणविरोधी प्रथिन असतं. थ्रिओनिन-ॲलॅनिन-ॲलॅनिन ही तीन अमिनो आम्लांची कडीच पुन्हा पुन्हा. १९९७ मध्ये त्याचं मूळ सापडलं: पचनाच्या ट्रिप्सिनोजेन जनुकाचा एक छोटा तुकडा, जिथे वाचला जाणारा आणि न वाचला जाणारा भाग भेटतात तिथला, वारंवार नकलून लांबलेला. मधल्या अवस्थेचं, अर्धं पाचक आणि अर्धं गोठणविरोधी असं मिश्र जनुकही १९९९ मध्ये सापडलं.

याहून मजेशीर गोष्ट उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशाची आहे. त्याच्याकडे जवळपास हुबेहूब प्रथिन, त्याच कड्या, पण जनुकाचं मूळ पूर्ण वेगळं: पूर्वी कुठलंच प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यातून उभं राहिलेलं. २०१९ मध्ये त्याचे टप्पे मांडले गेले. नजीकच्या जातींत तो पट्टा अजून मुका पडून आहे. ही मोडतोड नाही आणि गठ्ठा मागेपुढे करणंही नाही.

रक्त गोठण्याची साखळी बेहेचं आवडतं उदाहरण, म्हणून त्यावर एकच ओळ. फुगू माशाच्या जीनोममध्ये त्या साखळीच्या सुरुवातीचे घटक नाहीत आणि त्याचं रक्त गोठतं. बेहे म्हणतो तो भाग माझ्या व्याख्येत नव्हता. ठीक.

---

यंत्रमाग

गोठणविरोधी प्रथिन दमदार आहे, मान्य. पण कड्या एकच तीन अक्षरी, साधी पुनरावृत्ती. धोट्याचा दोरा लांबवण्यासारखं. अनेक भाग एकत्र चालवणारी यंत्रणा नाही ती. आणि हे टप्पे मागून जुळवलेले आहेत, कुणी घडताना पाहिलेले नाहीत. माझा आक्षेप तेवढ्यापुरता उभा आहे.

माघारीबद्दल: माशांच्या एखाद्या पैदाशीत, नोंद ठेवलेल्या पिढ्यांत, तीन-चार नवे घटक असलेली आणि एकमेकांशिवाय निरुपयोगी अशी यंत्रणा उभी राहिलेली दाखवली तर मी लिहून देतो.

---

सूक्ष्मदर्शी

हे लिहून दिलंत ते बरं केलंत, फक्त ही अट कुठलाच सिद्धांत पन्नास वर्षांत पुरी करेल असं म्हणत नाही. घडलेल्या गोष्टीचे माग काढावे लागतात, पोलीसही तेच करतात.

---

जाळंवाला

तुमचं कोर्ट चालू राहू द्या, मी मूळ चिलापीवर येतो. जाळं निवड करतं का याचा प्रयोग झालेला आहे. कोनोव्हर आणि मंच, २००२. अटलांटिक सिल्व्हरसाइड नावाचा बोटभर मासा, दर पिढीला नव्वद टक्के काढून टाकले. काही टाक्यांतून सगळ्यात मोठे काढले, काहींतून सगळ्यात लहान, काहींतून डोळे मिटून. चारच पिढ्यांत मोठे काढलेल्या टाक्यांतले मासे लहान राहायला लागले आणि लहान काढलेल्या टाक्यांतल्या माशांचं सरासरी वजन त्यांच्या जवळपास दुप्पट भरलं. नंतर निवड थांबवून पाच पिढ्या वाढवले तर अर्धवटच सावरले. कॅनडाच्या कॉडमध्येही १९९२ ला मासेमारी बंद करावी लागण्याआधीच मासे कमी वयात, कमी लांबीला वीण धरायला लागले होते.

उलट दिशेचंही आहे. भुवनेश्वरच्या मत्स्यसंस्थेनं १९९२ पासून पाच नद्यांचे आणि शिवाय पाळीव रोहू एकत्र आणून निवड केली, त्यातून जयंती रोहू निघाला, पिढीमागे सतराएक टक्के जास्त वाढ. गिफ्ट नावाचा चिलापीचा (तिलापियाचा) सुधारित वाण १९८८ पासून फिलिपिन्समध्ये, आफ्रिकेतले चार आणि आशियातले चार वाण मिसळून. यंत्रमाग म्हणतील तिथे रचनाकार होता. होता, पण त्यानं एकही पत्ता पाडला नाही, फक्त कुणाला पिल्लं होऊ द्यायची ते ठरवलं. वडापवालाही तेच ठरवतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

---

भीमथडी

ठरलं असं धरतो: गप्प्यांसाठी सहा ठिकाणं, प्रत्येकी पंचवीस माद्या, दुसऱ्या पिढीत मोजमाप. आधी प्रत्येक ठिकाणी जाळं टाकून शिकारी तपासायचा. चिलापीसाठी जाळंवाल्यांच्या पद्धतीनं दर सप्टेंबरला नमुने, शेपटीच्या पट्ट्यांवरून जात वेगळी लिहून. सराफ कट्ट्यावरचा काटा पिल्लांच्या वजनाला चालेल का?

---

सरासरी

नाही चालणार. सोनाराचा काटा बहुधा एक मिलिग्रॅमवर थांबतो. त्रिनिदादमधला फरक पिल्लामागे ०.०८ मिलिग्रॅम. चार पिल्लांचं अख्खं वेत सुकवून एकत्र तोललं तरी ३.५ विरुद्ध ३.८, हा फरक सोनाराच्या काट्याला नीट धरता येणार नाही. किमान ०.१ मिलिग्रॅमचा हवा, ०.०१ चा मिळाला तर उत्तम. एखाद्या महाविद्यालयाच्या रसायन विभागात असतो, विचारून बघा. पिल्लं ६० अंशाला चोवीस तास सुकवा आणि बाहेर काढल्यावर लगेच तोला. पावसाळ्यात हवेतली ओल पाच मिनिटांत वजन वाढवते.